गुळव्यामामा आणि जपानची काळी साखर

नवा माणूस भेटला की आपण त्याला नाव, गाव विचारतो. आमच्या गेटवरचे मामा विचारायचे, “तुमच्याकडचा गूळ कसा असतोय?” मी भिवंडीचीच, म्हणून पहिल्याच दिवशी मी त्यांना सांगितलं, “मामा, आमच्याकडे गूळ दुकानात असतो.” त्यांना माझी खरोखरच कीव आली.

कोल्हापूरकडच्या एका गुऱ्हाळात त्यांनी उभी हयात गुळव्या म्हणून काढली होती. उकळत्या काहिलीत, म्हणजे त्या मोठ्या कढईत, रस कधी तयार झाला, हे नुसत्या बुडबुड्यांवरून ओळखायचं, हे त्यांचं काम. गुऱ्हाळ बंद पडलं, बायको गेली, तेव्हा ते भिवंडीजवळ काल्हेरला मुलीकडे आले आणि शेजारच्या पूर्णा गावातल्या आमच्या गोडाऊनच्या गेटवर ड्युटीला लागले. मी तिथेच ऑफिसात होते.

आमच्याकडे हॉटेलांसाठी परदेशी खाण्याचा माल यायचा. एकदा फोर्कलिफ्ट लागून एक खोकं फाटलं आणि काळपट खडे जमिनीवर सांडले. जपानची साखर होती ती, नाव कोकुतो. पाकिटात उरलेला एक खडा मामांनी जिभेवर ठेवला. तो सावकाश विरघळू दिला. मग म्हणाले, “चुन्याची निवळी घातलीया. ऊस समुद्राकाठचा हाय, ताई. खारं वारं लागलंय त्याला.”

मी मोबाइलवर पाहिलं. खरंच ती दक्षिणेकडच्या बेटांवरची होती. तिकडे तिचे खडे चहाबरोबर चघळतात, पाक करून मिठाईवर ओततात, मांसाच्या रश्श्यातसुद्धा घालतात, हे मी वाचून दाखवलं.

“म्हंजे गूळच की वं!” मामा हसले. “नाव तेवढं लांबचं.”

फाटक्या खोक्यातली धड पाकिटं साहेबांनी आम्हालाच दिली. मामांनी कँटीनच्या शेगडीवर पाक केला, थेंब पाण्यात टाकून गोळी पाहिली आणि शेंगदाण्याची चिक्की थापली. कँटीनवाल्याला पातेल्याला हात लावू दिला नाही. त्या दिवशी गेटवरचा तो वाकलेला माणूस ताठ उभा होता.

पुढच्याच वर्षी त्यांच्या जबड्यात कॅन्सर निघाला. रेडिएशनने गाठ बसली, पण चव गेली. नोकरी सुटली. एकदा पगाराच्या कागदांवर सही करायला आले, तेव्हा मी जपून ठेवलेल्या पाकिटातला एक खडा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो तोंडात घातला, थोडा वेळ घोळवला आणि रुमालात काढून टाकला.

“मातीगत लागतंय,” ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून, “तुम्ही खावा. आन् मला सांगा.”

मी खाल्ला. “गोड आहे, मामा.”

“गोड तर समदाच गूळ असतोय. नीट सांगा.”

मी सावकाश सांगत गेले. आधी जरासा कडवटपणा, मग भाजल्यासारखा वास, अगदी शेवटी मीठ. ते खुर्चीच्या कडेला येऊन ऐकत होते, मध्येच “बरोबर, बरोबर” म्हणत होते. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

तीन आठवड्यांनी आजार उलटला आणि मामा गेले. मी काल्हेरला भेटायला गेले, तेव्हा त्यांच्या मुलीने माझा हात धरला.

“तुमच्याकडून आले त्या दिवशी किती खूश होते बाबा! म्हणाले, आज लई दिवसांनी गूळ खाल्ला. मला वाटलं, चव परत आली. मी डॉक्टरांनाही तसं सांगितलं.”

मी मान हलवली. त्या दिवशी गूळ मी खाल्ला होता, हे तिला सांगितलं नाही.