खास पाहुण्या गेटवर आहेत

"म्याडम, जरा पीछे देखो," गफूरभाई स्टेजच्या पायरीशी येऊन हळूच म्हणाले.

गफूरभाई आमच्या कॉलेजच्या प्रत्येक कार्यक्रमाला मंडप आणि स्पीकर देतात. लग्न, उरूस, निवडणुका, सगळ्या तऱ्हेची गर्दी त्यांनी पाहिली आहे. आणि आता त्यांचाच चेहरा उतरला होता.

मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला आमचं एकुलतं एक फाटक आहे. त्यातून माणसं आत येत होती आणि येतच होती. सगळे बाप्ये. आमचे विद्यार्थी नव्हते, पालकही नव्हते. प्रत्येकाचा हात वर आणि हातात मोबाइल. फाटकाबाहेर रस्ताभर मोटरसायकली उभ्या होत्या. आमच्या गॅदरिंगला पालक धरून दोन-अडीचशे माणसं आली तरी प्राचार्य खूश होतात. त्या दिवशी मैदानात पाय ठेवायला जागा उरली नव्हती.

मी या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. धाराशिवहून कळंबकडे येताना रस्त्याच्या कडेला असलेलं हे छोटं कला महाविद्यालय आहे. सांस्कृतिक विभाग माझ्याकडे आहे. म्हणजे नोटिसा काढणं, पत्रिका छापणं, पाहुण्यांना फोन करणं आणि कार्यक्रमाच्या दिवशी माइकवर निवेदन करणं ही सगळी कामं माझीच.

आता ही माणसं कुठून आली ते सांगते. आमची एक माजी विद्यार्थिनी आहे, ज्योती. ती एसटीत ड्रायव्हर झाली. आमच्या भागात बाईनं लाल गाडी चालवणं ही अजूनही वळून बघायची गोष्ट आहे, म्हणून गॅदरिंगला तिचा सत्कार करायचं ठरवलं. पण तिची रजा मंजूर होईना. ती म्हणाली, "रजा मिळाली तर साडी नेसून येते म्याडम. न्हाय मिळाली तर कॉलेजवरनं जाणाऱ्या गाडीची ड्यूटी मागून घेते. गेटवर दोन मिनिटं गाडी थांबवीन, तिथंच नारळ द्या."

पत्रिकेत नाव छापायचं की नाही, हा आमच्याकडे मोठा नाजूक मामला असतो. नाव छापलं आणि माणूस आला नाही तर वर्षभर टोमणे ऐकावे लागतात. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, आत्ता नुसतं 'खास पाहुण्या' छापा. आली तर आनंद आहे, नाही आली तर कुणाला कळणार आहे?"

मी तसंच छापलं. मात्र फाट्यावर लावायच्या फ्लेक्समध्ये फोटोची जागा रिकामी दिसायला लागली. फ्लेक्सवाल्यानं आपल्याकडची तयार डिझाइन काढली आणि तिथं एका बाईची काळी सावली टाकून वर मोठं प्रश्नचिन्ह दिलं. सावलीतली बाई नाचत होती. माझ्या ते लक्षात आलं होतं. चार दिवसांचा फ्लेक्स, असू दे म्हटलं. कुणीतरी त्या फ्लेक्सचा व्हिडिओ काढला, त्याला एका गाजलेल्या नाचाचं गाणं जोडलं आणि रील करून सोडून दिलं. त्या गाण्यावर नाचणाऱ्या बाईच्या कार्यक्रमात लोक पत्र्यावर चढतात आणि खुर्च्या मोडतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. खास पाहुण्या म्हणजे तीच, असं लोकांनी धरलं. रील कळंबला पोचलं, धाराशिवला पोचलं, पार उमरग्यापर्यंत गेलं. आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

फाटकालगत कॉलेजची इमारत आहे. स्टेज मैदानाच्या बंद टोकाला. स्टेजमागं उंच भिंत आणि भिंतीपलीकडं ऊस. आमच्याकडे मुलींना पुढं बसवायची रीत आहे, त्यामुळे सगळ्या मुली स्टेजपुढच्या सतरंज्यांवर होत्या. त्यांच्यामागं खुर्च्यांवर थोडे पालक होते आणि त्यांच्यामागं हा लोंढा. मुली आणि इमारत यांच्यामध्ये आता फक्त अनोळखी माणसं होती. एनएसएसच्या पोरांनी हात धरून साखळी केली होती, पण ती साखळी एकेक पाऊल मागं सरकत होती.

पहिल्या खुर्चीवर आप्पा बसले होते. त्यांचं किराणा दुकान आहे. कपाळावर भस्माचे पट्टे, मोजकं बोलणं. त्यांची मुलगी महानंदा त्या दिवशी पहिल्यांदा नाचणार होती. दुपारी तिला सोडायला आले तेव्हा मला म्हणाले होते, "घरात लई बोलणं झालं म्याडम. तिची आज्जी तर दोन दिस जेवली न्हाय. तुमच्या जबाबदारीवर सोडूलालाव." ते आता मागं वळून बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. 

तेवढ्यात ओरडा सुरू झाला. "नाव सांगा! नाव सांगा!" मागून रेटा आला आणि साखळी एका ठिकाणी तुटली. एक खुर्ची उलटली. सतरंजीवरच्या मुली उठून स्टेजला चिकटल्या.

प्राचार्य धावत विंगेत आले. "पोलिसांना फोन केलाय. निघालेत, पण रस्ताच तुंबलाय. मॅडम, सरळ सांगून टाका की ती बाई येणार नाही."

"आणि सांगितल्यावर ही माणसं काय करतील, सर?"

फसवलं म्हणून चिडलेला माणूस कुठं वळतो हे मला माहीत होतं. तो पुढं येतो. पुढं मुली होत्या.

गफूरभाईंनी विचारलं, "मशीन बंद करू?"

"अजिबात नको. गाणं लावा, आवाज बारीक ठेवा."

निवेदन म्हणजे शेरोशायरी असं लोकांना वाटतं. खरं निवेदन असल्या वेळी करावं लागतं. माइक मुका झाला की गर्दी आपापलं डोकं चालवायला लागते, म्हणून माइक बंद करायचा नाही. आवाज चढवायचा नाही, कारण आपण ओरडलो की समोरचेही ओरडतात. एका वेळी एकच गोष्ट सांगायची आणि ती पुन्हा पुन्हा सांगायची. आणि "घाबरू नका" हे शब्द चुकूनसुद्धा तोंडातून काढायचे नाहीत. मागं एका कार्यक्रमात वायरमधून नुसत्या ठिणग्या उडाल्या होत्या. एका सरांनी माइकवर "कुणीही घाबरू नका" म्हटलं आणि तोपर्यंत शांत बसलेली माणसं उठून पळत सुटली.

हे सगळं मला येतं. पण त्या क्षणी मला प्रचंड भीती वाटत होती. माइक दोन्ही हातांनी धरला. एखादी पोर पायाखाली गेली तर तिच्या आईला मी काय सांगणार, एवढंच डोक्यात फिरत होतं.

त्याच वेळी मोबाइल वाजला. ज्योती होती.

"म्याडम, रजा न्हाय मिळाली. गाडी घेऊनच आलेय. पण फाट्याच्या पुढं गाडी सरकंना. रस्ताभर मोटरसायकली लावल्यात बघा. काय झालंय कॉलेजात?"

"गाडीत माणसं किती आहेत?"

"पाच-सहा असतील. रिकामीच हाय."

माझ्या डोक्यात काय आलं ते मला नीट सांगता येणार नाही. मी एवढंच म्हणाले, "ज्योती, तिथंच थांब. रस्ता मोकळा झाला की गेटवर ये आणि दार उघडं ठेव. मुली न्यायच्यात."

"किती?"

"सगळ्या."

"या घेऊन," म्हणाली.

मी पडद्याबाहेर आले. शिट्ट्या पडल्या. मी बारीक आवाजात म्हणाले, "आपल्या खास पाहुण्या फाट्यापर्यंत आल्या आहेत."

गर्दीतून असा आवाज उठला की स्टेजच्या फळ्या हलल्या. मी तो ओसरू दिला.

"पण त्यांच्या गाडीला रस्ता नाही. सगळ्यात मागं उभे आहात त्यांना विनंती आहे. बाहेर जा आणि आपापल्या मोटरसायकली बाजूला घ्या. फक्त मागच्यांनी."

मागची माणसं फाटकाजवळ होती, म्हणून आधी ती हलायला हवी होती. पुढचे आधी वळले असते तर फाटकातच चेंगराचेंगरी झाली असती. हेच वाक्य मी किती वेळा म्हटलं ते देव जाणे. मागची माणसं बाहेर पडायला लागली. पाहुण्या फाटकावर उतरणार म्हटल्यावर मधलेही तिकडं वळले. माझ्या पुढ्यातला रेटा सैल झाला.

"पाहुण्यांचं स्वागत गेटवरच होईल. फाटकापासून दोन्ही बाजूंनी रांगा करा. मध्ये वाट सोडा."

"नाव सांगा की, बाई!" कुणीतरी ओरडलं.

"नाव गाडीपाशी सांगते."

मी खोटं एकही वाक्य बोलले नाही. अर्थात खरंही सगळं सांगितलं नाही.

विंगेत प्राचार्य उभे होते. माइक तोंडापासून बाजूला करून मी त्यांना म्हणाले, "सर, वाट झाली की मुलींना घेऊन चालत निघा. पळायचं नाही. एसटीत बसवा." त्यांचा रंग उडाला. मुलींना त्या दोन रांगांमधून न्यायचं होतं. दुसरी वाट नव्हतीच.

आप्पा तोवर स्टेजपाशी आले होते, त्यांनी ते ऐकलं. डोक्यावरची टोपी काढून खिशात घातली. "म्या म्होरं चालतो," म्हणाले.

आप्पा आणि प्राचार्य पुढं, बाजूला साखळीतली पोरं, मागं आमच्या दोघी प्राध्यापिका आणि मध्ये मुली. नाचाच्या नऊवारीतली महानंदा वडिलांच्या सदऱ्याचं टोक धरून होती. मला स्टेजवरच थांबावं लागलं, कारण माइक चालू राहायला हवा होता. मी बोलत होते. पाहुण्यांसाठी नारळ कुठाय, हार कुठाय, फुलं कुणाकडं आहेत, जे सुचेल ते. डोळे मात्र त्या वाटेवर होते. एका ठिकाणी रांग आत झुकली आणि मुली दिसेनाशा झाल्या. तेव्हा मी काय बोलत होते ते आजही आठवत नाही. गफूरभाई म्हणतात, मी तीन वेळा एकच वाक्य बोलले, "वाट सोडा, दादा, वाट सोडा."

मग मोठा हॉर्न वाजला आणि लाल गाडी फाटकासमोर उभी राहिली.

कुणी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सगळे माना उंचावून बसच्या मागं कार शोधत होते. सगळे मोबाइल मागच्या रस्त्याकडे वळलेले. तेवढ्यात मुली गाडीत चढल्या. स्टिअरिंगवर खाकी घातलेली बाई बसली आहे हे काहींनी पाहिलं असेल, पण ते तिला बघायला आलेले नव्हते. घंटी वाजली आणि गाडी कळंबच्या दिशेनं निघाली. तिचे मागचे लाल दिवे वळणावर दिसेनासे झाले, तेव्हा मी स्टेजवरच खाली बसले.

पण मी नाव सांगायचा शब्द दिला होता.

"आजच्या आपल्या खास पाहुण्या," मी बसल्या बसल्याच म्हणाले, "या कॉलेजच्या माजी विद्यार्थिनी आणि एसटी महामंडळाच्या चालक ज्योतीताई. त्या आल्या होत्या आणि गेल्या. कार्यक्रम संपला. धन्यवाद."

पुढचं थोडक्यात सांगते. खुर्च्या मोडल्या. फ्लेक्स फाटला. गफूरभाईंचा एक स्पीकर कायमचा मुका झाला. ते आणि मी ग्रीनरूमचं दार आतून लावून बसलो आणि बाहेरचे आवाज ऐकत राहिलो. पोलीस आल्यावर मैदान रिकामं झालं. ज्योतीनं सगळ्या मुली कळंबच्या स्टँडवर उतरवल्या आणि तिथून आईबाप येऊन त्यांना घेऊन गेले. एकीलाही खरचटलं नाही. मधेच गाडी भरून मुली का घेतल्या, याचा जबाब मात्र तिला डेपोत द्यावा लागला. आम्ही पत्र दिलं आणि ते प्रकरण मिटलं.

तरी दोन मुली त्यानंतर कॉलेजला आल्या नाहीत. मी त्यांच्या घरी गेले. चहा मिळाला, उत्तर मिळालं नाही.

सोमवारी आप्पा ऑफिसच्या दारात उभे दिसले. म्हटलं, महानंदाचा दाखला न्यायला आले. त्यांनी विचारलं, "फुडं काय कार्यक्रम हाय का?"

"वक्तृत्व स्पर्धा आहे."

"पाव्हणा कोण?"

"अजून नक्की नाही, आप्पा."

"मग नक्की झाल्यावर सांगा. तवर पोरगी फकस्त तासाला येईल."

तेव्हापासून माझा एकच नियम आहे. पाहुण्याचं नाव नक्की झाल्याशिवाय नोटीस नाही, पत्रिका नाही आणि फ्लेक्स तर नाहीच. नाव नक्की झालं की बोर्डावर लावायच्या आधी मी आप्पांना फोन करते. प्राचार्य याला हसतात, पण फोन झाला का म्हणून तेच विचारतात.

यंदाच्या गॅदरिंगची नोटीस परवा काढली. कार्यक्रम संध्याकाळऐवजी भर दुपारी ठेवलाय आणि पहिल्याच ओळीत ज्योतीचं नाव आहे. गेल्या वर्षी तिच्या सत्कारासाठी आणलेली शाल अजून माझ्याच कपाटात पडून आहे. मी आप्पांना फोन लावला.

"ती डायवर बाई व्हय?" ते म्हणाले. "मग पोरीला नाचू द्या." आणि मग त्यांनी विचारलं, "येताना गाडी आणंल न्हवं ती?"

मला हसू आलं. पण फोन ठेवला आणि ज्योतीला तेच विचारायला पुन्हा उचलला.