दोन पोती मैदा आणि टाचणीचा दोर

लिफ्टमामांनी एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. दोराला लोंबकळत, हातात पाना आणि तोंडात बॅटरी धरून. माणूस किडकिडीत, बोलणं मोजकं, आणि दुसऱ्याने मारलेली गाठ सोडून पुन्हा स्वतः मारायची खोड. मामी म्हणायच्या, "यांच्या बुटाची नाडीसुद्धा तपासणी झाल्याशिवाय घराबाहेर पडत नाही."

निवृत्तीच्या आदल्या वर्षी दोन मजल्यांच्या मध्ये एक लिफ्ट अडकली. आत एक बाई आणि तिची जुळी मुलं. मामांनी छताची झडप उघडून दोर सोडला. मुलं माकडासारखी वर आली आणि वर येऊन "पुन्हा खाली जाऊ का?" म्हणून विचारायला लागली. आईला बाहेर काढायला मात्र पाऊण तास गेला. त्या दिवशी मामांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. पोरांना भीती कमीच असते. घरातली मोठी माणसं ती रोज सकाळी डब्यात बांधून देतात.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एक बंद पडलेलं कापडाचं गोदाम मागून घेतलं, तीस फूट उंच भिंतीवर फळ्या ठोकल्या, फळ्यांवर रंगीबेरंगी खुंट्या बसवल्या आणि पोरांना चढायला शिकवायला सुरुवात केली. एकट्या पोराला प्रवेश नाही. सोबत घरचं मोठं माणूस हवंच. चार रविवार भिंत, पाचव्या रविवारी गावाबाहेरच्या डोंगरातली गुहा.

भिंतीवरचा रिवाज असा. पहिले तीन रविवार पोर चढणार आणि आई किंवा बाप खाली, छताच्या कप्पीवरून आलेला दोर धरणार. चौथ्या रविवारी उलटं. मोठं माणूस चढणार आणि दोर पोराच्या हातात. वर पोहोचलं की दोन्ही हात सोडून दोरावर बसायचं, मग पोराने हळूहळू खाली उतरवायचं. पोराच्या कमरेच्या पट्ट्याला मागून दुसरी दोरी बांधलेली, तिचं टोक जमिनीतल्या लोखंडी कडीला. शिवाय मुख्य दोराचं शेपूट मामांच्या मुठीत. म्हणजे धोका काही नाही. पण गुहेच्या आत पंधरा फुटांचा एक खड्डा होता आणि तिथे दोरावर बसल्याशिवाय कुणालाच पुढे जाता येत नसे. म्हणून ज्याला बसणं जमलं नाही, त्याच्या घराला गुहा बंद.

नऊ वर्षांत सगळे बसले होते. बँकेतले साहेब रडत रडत बसले, एक आजोबा शीळ घालत बसले. अडला तो फक्त एक माणूस. बेकरीवाला.

वजन पंचाण्णव किलो, आवाज भट्टीसारखा, आणि मुलगी एवढी बारीक की सगळे तिला टाचणी म्हणत. वय वर्षं नऊ. भिंतीवर ती पालीसारखी सरसर जायची. बापही चढायचा, घामाघूम होऊन का होईना, अगदी वरपर्यंत. पण वर पोहोचला की दोन्ही हातांनी खुंटी आवळून धरायचा आणि तसाच एकेक पाय चाचपत खाली यायचा. असे तीन वर्ग झाले. तीनदा चौथा रविवार आला, तीनदा बाकीची पोरं गुहेत गेली, आणि टाचणी घरी बसली.

तिसऱ्या वेळी ती मामांना म्हणाली, "मामा, माझ्यासाठी दुसरा बाप मिळेल का? एका रविवारापुरता?"

बेकरीवाला हसला, पण त्याचे कान लाल झाले.

चौथ्यांदा तो नाव घालायला आला तेव्हा मामांच्या मनात आलं, नियम मोडावा. पोरीला आईबरोबर पाठवावं. पण आईने आधीच हात वर केले होते. "मी डबे धरायला येते तेवढं पुरे," ती म्हणाली होती.

चौथा रविवार आला. बेकरीवाला वर गेला, खुंटीला चिकटला.

"बसा," मामा खालून म्हणाले.

"बसतो."

"मग बसा की."

"बसतो म्हटलं ना."

"बाबा, मी धरलंय," टाचणी म्हणाली.

"तेच तर," वरून आवाज आला, आणि तो पुन्हा पाय चाचपत खाली उतरला.

मामींनी त्याच्या हातात चहाचा पेला दिला आणि शेजारी स्टुलावर बसल्या. मामींना लोक मनातलं सांगतात. का ते कुणालाच माहीत नाही.

"पडायची भीती वाटते का हो?" त्यांनी सहज विचारलं.

"छे. भट्टीच्या धुराड्यावर चढून मी झाकण बसवलंय."

"मग?"

त्याने पेला खाली ठेवला. "पहिल्या वर्गात बघितलं मी. ती चष्मेवाली बाई दोरावर बसली, आणि खाली तिचं पोर फूटभर वर उडालं. सगळे हसले, पोरही हसलं. ती बाई पन्नास किलोची असेल. मी पंचाण्णवचा. ही पोर चोवीस किलो. मी बसलो तर ही छताला जाऊन चिकटेल."

मामी उठल्या, थेट मामांसमोर उभ्या राहिल्या.

"ती मागची दोरी ढिली कोण ठेवतं?"

मामांनी मान खाली घातली. कडीची दोरी ते मुद्दामच फूटभर सैल ठेवत. पोरं जरा हवेत तरंगली की खूष होतात, म्हणून. नऊ वर्षं हा गमतीचा भाग होता.

"तुमची गंमत झाली, आणि ती बिचारी चौथ्यांदा घरी बसायला निघाली," मामी म्हणाल्या. "तोंडाने सांगून काही उपयोग नाही. त्या माणसाला कळेल असं काहीतरी करा."

मामा गोदामाच्या दारात जाऊन उभे राहिले. बाहेर बेकरीची गाडी उभी होती. नवी लिफ्ट बसवली की आत माणूस चढवायच्या आधी वजनं चढवायची, हे मामांनी एकतीस वर्षं केलं होतं. त्यांनी बेकरीवाल्याला हाक मारली.

"गाडीत काय आहे?"

"मैदा. उद्याचा."

"एक पोतं किती किलोचं?"

"पन्नास. का?"

"दोन आणा."

दोन्ही पोती एकत्र आवळून दोराला बांधली. मामांनी कडीची दोरी ताणून इतकी घट्ट केली की टाचणीला पाऊलभरही सरकता येईना. मग चौघा बापांनी ओढून पोती वर चढवली. टाचणीने दोन्ही हातांत दोर धरला, कमरेला लावलेल्या, दोर आवळून धरणाऱ्या ब्रेकमधून तो नीट जातोय ना ते मामांनी दोनदा पाहिलं, आणि चौघांना खूण केली. त्यांनी हात सोडले.

शंभर किलो मैदा छताजवळ लटकला. टाचणी जागची हलली नाही. पट्टा ताणला, कडी करकरली, बस.

बेकरीवाला आ वासून बघत होता. त्या पोत्याचं वजन त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. बाराव्या वर्षापासून तो ती पाठीवर वाहत होता.

"उतरव," मामा म्हणाले.

टाचणीने दोर थोडा थोडा सोडला. पोती फिरत फिरत खाली आली आणि जमिनीला अशी टेकली की मैद्याचा धुरळासुद्धा उडाला नाही.

"आमचा हमालसुद्धा इतकं हळू ठेवत नाही," बेकरीवाला पुटपुटला.

त्याने पोती सोडली, स्वतःला बांधलं, आणि भिंतीला लागला. वर पोहोचल्यावर क्षणभर थांबला. खाली पाहिलं. मग आधी एक हात सोडला, मग दुसरा, आणि एवढा मोठा माणूस आरामखुर्चीत बसावा तसा हवेत बसला. गोदामात टाळ्यांचा असा कडकडाट झाला की छतावरची कबुतरं उडाली.

"जड आहे का गं?" त्याने वरून विचारलं.

"मैद्यापेक्षा हलका आहेस," टाचणी म्हणाली.

पुढच्या रविवारी गुहेत ते खड्ड्याशी पोहोचले. डोक्यावरच्या दिव्यांच्या उजेडात ओले खडक चमकत होते. मामांनी खडकात ठोकलेल्या कडीला टाचणीला घट्ट बांधलं, शेपूट आपल्या मुठीत घेतलं आणि बेकरीवाल्याला पुढे केलं. त्याने विचारलं नाही, चाचपलं नाही. खड्ड्याकडे पाठ केली, बसला, आणि लेकीने त्याला अंधारात उतरवलं. खालून त्याचा दिवा इकडेतिकडे फिरला, आणि मग तो भट्टीसारखा आवाज घुमत वर आला, "अगं, इथे केवढी मोठी खोली आहे. आपली सगळी बेकरी मावेल."

टाचणीने मागे पाहिलं. डबे सांभाळायला आलेली आई आत्तापर्यंत गुहेच्या भिंतीला टेकून उभी होती. तिने डब्यांची पिशवी मामांच्या पायाशी ठेवली आणि हेल्मेटचा पट्टा आवळायला घेतला.

"त्याच्या आधी मला सोडायला हवं होतंस," ती लेकीला म्हणाली. "आता तो मला रस्ता दाखवत बसेल."

टाचणीने दोर वर ओढून घेतला आणि गुहेत शिरताना आईच्या कमरेला बांधलेल्या पट्ट्याला स्वतःच्या हाताने गाठ मारली. मामा वाकले, गाठीवरून दिवा फिरवला, आणि गाठीला हात न लावता सरळ उभे राहिले.