दोराच्या मागच्या टोकाला

आत्याला कशाचीच भीती वाटत नाही, हे घरी सगळ्यांना पाठ होतं. नोकरीच तशी होती. मोठ्या इस्पितळाच्या तळघरात, शवागारात, तिचा उभा जन्म गेला. जिथे भलेभले नाकाला रुमाल लावून दारातूनच परतायचे, तिथे ही स्टुलावर बसून निवांत डबा खायची. घरी आली की वहिनी तिला आधी आंघोळीला पिटाळायची, मगच चहा. लग्नाचं कुणी फारसं मनावर घेतलं नाही, आणि तिनेही त्यासाठी कुणाच्या मागे लकडा लावला नाही.

तिच्या एका सवयीने मात्र नव्या माणसाच्या अंगावर काटा यायचा. ट्रॉली ढकलताना ती मयताशी बोलायची. "जरा वळण आहे हं." "उंबरा आलाय, हादरा बसेल." कुणी विचारलंच तर म्हणायची, "अहो, अनोळखी जागा. माणूस बावरतो."

ती निवृत्त झाली तेव्हा भाचीने हट्टच धरला. "आत्या, जन्मभर जमिनीखाली राहिलीस. आता चल माझ्याबरोबर डोंगरात."

"या गुडघ्यांनी?"

"गुडघे घरी ठेवून ये."

तर अशा त्या निघाल्या. बरोबर एक निवृत्त चित्रकलेचे मास्तर आणि त्यांची बायको, आणि सगळ्यांच्या पुढे वाटाड्या. हा चाळिशीतला, काटक आणि अबोल माणूस. रस्ता संपला, मग झाडं संपली, मग गवतही संपलं. राहिले नुसते दगड, आणि त्या दगडांच्या वर दोन डोंगरांमधून उतरलेली करड्या पाठीची हिमनदी. आत्याला ती पाहताक्षणी ओळखीची वाटली. तोच गारवा, तीच शांतता. ती भाचीच्या कानात पुटपुटली, "अगं, हे तर आमचं खातं."

हिमनदी ओलांडून पलीकडच्या लाकडी निवाऱ्यात मुक्काम होता. सगळ्यांच्या बुटांना काटे बांधून झाल्यावर वाटाड्याने सगळ्यांना एका दोरात ओवलं. पुढे तो स्वतः, मग मास्तर, मास्तरांची बायको आणि भाची. शेवटी कोण, यावर तो घुटमळला.

"मागे घाबरत नाही असं माणूस पाहिजे," तो म्हणाला.

सगळ्यांनी आत्याकडे बोट दाखवलं. त्याने तिच्या कमरेला गाठ मारली, आणि उरलेल्या दोराचं वेटोळं तिच्या खांद्यावरून तिरकं अडकवलं. का कोण जाणे, तेवढं करताना त्याने तिच्या डोळ्यांत पाहिलं नाही.

भरदुपारी, बर्फाच्या ऐन मध्यावर, धुकं आलं. बघता बघता मास्तर दिसेनासे झाले, मग त्यांची बायको, मग भाचीची लाल टोपीही पुसली गेली. आत्याला फक्त पुढे जाणारा दोर दिसत होता, तोही हातभरच. पायाखाली काटे करकरत होते. खालून कुठून तरी पाणी वाहत होतं, पण ते कुठे ते कळत नव्हतं.

आणि तेव्हा मागून ओढ लागली.

हिसका असा नव्हता तो. दोर कशात अडकला की बसतो तसा तर मुळीच नाही. दमलेलं लहान मूल जसं पदर धरून रेंगाळत येतं, तशी ती ओढ होती. ती ताणली जायची, सैल पडायची, पुन्हा ताणली जायची. पावलागणिक.

आत्याने खांदा चाचपला. वेटोळं नव्हतंच. ते कधी उलगडलं, तिला कळलंही नव्हतं. आता दोर तिच्या कमरेपासून मागे, धुक्यात गेला होता, आणि जमिनीवर पडलेला नव्हता. कमरेच्याच उंचीवर तो अधांतरी होता.

"आत्या, थांबलीस का गं?" पुढून भाचीचा आवाज आला. "जड लागतेयस तू!"

"चालतेय, चालतेय."

तिने मागे वळून पाहिलं नाही. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. पण इतक्या वर्षांची जीभ गप्प बसेना. ती हळूच म्हणाली, "सावकाश या. घाई नाही कुणाला." ओढ क्षणभर थांबली. मग काट्यांची करकर तिला दोनदा ऐकू यायला लागली. एक तिच्या पायाखालची, आणि एक मागची, किंचित उशिराने पडणारी.

ती निवाऱ्यापर्यंत बोलत राहिली. "इथे चढ आहे. इथे फट आहे, पाय लांब टाका." दगड लागले, निवाऱ्याचं दार दिसलं, तेव्हा कमरेवरचा भार एकदम उतरला.

वाटाड्या दोर गोळा करायला लागला. मागचं टोक हाताशी आलं तसा तो पायरीवर मटकन खाली बसला. टोकाला एक फास होता. गोठून लाकडासारखा ताठ झालेला, माणसाच्या कमरेएवढा.

"ही गाठ मी मारलेली नाही," तो म्हणाला.

संध्याकाळी मास्तर आणि त्यांची बायको पांघरुणात शिरली, भाची बूट सुकवायला बसली. आत्याने वाटाड्याला शेगडीपाशी गाठलं.

"बोला आता."

त्याने शेगडीत एक लाकूड सारलं. "अशी डावरी गाठ माझा थोरला भाऊ मारायचा. मी पुढे, तो मागे. असेच लोक घेऊन यायचो आम्ही. एकदा धुक्यात त्याच्या पायाखालचा बर्फ खचला. मी ओढत होतो, पण माझेही पाय घसरायला लागले. त्याला ते कळलं असणार. त्याने स्वतःच दोर सोडला. रिकामा फास तेवढा वर आला."

"सापडला?"

"नाही. तेव्हापासून शेवटचा माणूस दर खेपेला म्हणतो, दोर जड लागतो. मी म्हणतो, बर्फात अडकत असेल."

"आणि म्हणून मला लावलंत मागे?"

"तुम्हाला भीती वाटत नाही म्हणून..."

"अरे, पण विचारायचं तरी होतंस!" आत्या कडाडली. रागाच्या भरात ती अहोवरून अरेवर आली, ती पुन्हा अहोवर गेलीच नाही. "तुझ्या घरी कोण आहे?"

"आई."

"तिला काय सांगितलंयस?"

"डोंगरापलीकडे कामाला गेलाय म्हणून." त्याने मान खाली घातली. "बॉडी नाही. कुठल्या तोंडाने सांगू, गेला म्हणून?"

आत्याचा राग ओसरला. असे पुष्कळ पाहिले होते तिने. दारापर्यंत येऊन पाठ फिरवून उभे राहणारे.

"आमच्याकडे कसं असतं," ती म्हणाली, "घरचं माणूस येतं, चेहरा बघतं आणि म्हणतं, हा आमचा. तोवर मी कुणाला सोडत नाही. सोडताच येत नाही."

सकाळी आकाश काचेसारखं स्वच्छ होतं. बाकीचे अंथरुणात असताना ती दोघं बर्फाच्या काठाशी गेली. वाटाड्याने तो दोर बर्फावर ठेवला. फास रात्रभर शेगडीशेजारी होता, तरी त्यातला बर्फ वितळला नव्हता. आत्याने घाई केली नाही, ती बाजूला हात बांधून उभी राहिली. शेवटी त्याने भावाला नावाने हाक मारली. आधी हळू, मग मोठ्याने. आणि म्हणाला, "हा माझा भाऊ. हा इथेच गेला."

खोल खाली हिमनदी कण्हली. आवाज त्यांच्या पायाखालून निघाला, वर चढत गेला आणि कड्यांमध्ये विरला. आत्याने खाली पाहिलं. गाठ सुटली होती. कुणी हात लावला नव्हता, वाराही नव्हता. दोर नुसता सरळ पडला होता, आणि जिथे गाठ होती तिथे पाण्याचा थेंब चमकत होता.

परतताना आत्याने आपणहून मागची जागा घेतली. ऊन होतं, सगळे दिसत होते, मास्तर काहीतरी गुणगुणत होते. आणि त्या लख्ख उजेडात, बर्फाच्या मध्यावर, आत्याला आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटली. मागे कुणीच नव्हतं. दोर हलका होता, करकर एकाचीच होती. पाठीमागे केवढा तरी रिकामा बर्फ होता आणि त्यात बोलायला कुणी नाही.

"पोरी," तिने हाक मारली, "जरा हळू चल. माझ्याजवळ राहा."

भाची थबकली. आत्याच्या तोंडी असलं काही तिने कधी ऐकलं नव्हतं. काही न विचारता ती दोर गोळा करत मागे आली, आणि पलीकडचे दगड लागेपर्यंत आत्याच्या पुढ्यातच चालली.

काही महिन्यांनी वाटाड्याचा फोन आला. आत्या भाजी निवडत होती, तिने फोन खांद्याने कानाशी धरला.

"आईला सांगितलं," तो म्हणाला.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, तू पुढे चालत होतास, तुला कसा दिसणार? मला कधीचं माहीत आहे. तू सांगायची वाट बघत होते." तो थांबला. "मग मला जेवायला बसवलं."

"जेवलास?"

"पोटभर."

फोन ठेवल्यावर वहिनीने स्वयंपाकघरातून विचारलं, "कोण गं?"

"डोंगरातला वाटाड्या," आत्या म्हणाली. "त्याची आई बरी आहे म्हणाला." आणि ती पुढची जुडी सोडायला लागली.