मशीनच्या माहेरचा माणूस

खंडेनवमीच्या सकाळी चाकणच्या आमच्या कारखान्यात झेंडूचा हार घातलेलं चिनी मशीन नवरीसारखं दिसत होतं. इथे पैसा चिनी, जमीन आणि कामगार आमचे. उद्या दोन्ही सरकारांचं बिनसलं, तर कारखान्याला टाळं लागायचं, ही धाकधूक रोजचीच. पूजेसाठी मशीन बंद केलेलं पाहून चिनी साहेब धावतच आले. आमच्या लाइनवरच्या संगीताताईंनी त्यांच्या हाती नारळ दिला. “ही तुमच्याकडून आलेली लेक. तुम्ही माहेरचे, पहिला मान तुमचा!” दुभाष्याने समजावल्यावर साहेब खुलले. नारळ फोडून, मशीनवरून हात फिरवत दुभाष्यामार्फत म्हणाले, “मग लेकीला सांभाळा. वेळेवर तेल घाला.” सगळी लाइन खो खो हसली. पेपरवाले याला परकीय गुंतवणूक म्हणतात. आम्ही त्या दिवसापासून सोयरीक म्हणतो.