भर उन्हाळ्यातली लालसरी

नवरा गेल्यावर त्याच्याच जागी काकू गावच्या पाण्याच्या पंपघरात लागल्या, त्याला बावीस वर्षं झाली. सुरुवातीला मेकॅनिक लोक तोंडावर हसायचे. पुढे नुसत्या आवाजावरून मोटारीचं बेअरिंग गेलंय हे काकू सांगू लागल्या, तेव्हा हसणं आपोआप थांबलं. घरी सासरे तेवढे. तेही याच पंपावरून निवृत्त झालेले, आता डोळ्यांनी पार अधू.

यंदा उन्हाळ्यात पंपघराच्या तळ्यातला गाळ काढायचं ठरलं. तळं रिकामं करायला सोमवारी पाणी सोडायचं होतं. शनिवारी भर उन्हात काकूंना लव्हाळ्याशी एक वेगळंच बदक दिसलं. घरी येऊन त्यांनी मामंजींना सांगितलं, "डोकं नारिंगी, चोच लालभडक."

म्हातारा उठून बसला. "मोठी लालसरी! चाळीस वर्षांत दोनदा पाहिली मी, तीही थंडीत. या दिवसांत ती इथं थांबायची नाही गं. पंखाला लागलेलं असणार."

काकूंनी परत जाऊन पाहिलं, तर खरंच, उजवा पंख लोंबत होता.

काकूंनी पाणीपुरवठ्याच्या साहेबांचं ऑफिस गाठलं.

"काकू, एका बदकासाठी काम अडवू?"

"बावीस वर्षांत मी काही मागितलंय का, साहेब?"

साहेबांनी कॅलेंडरकडे पाहिलं. "पुढचा सोमवार. त्यापुढे माझ्याही हातात नाही."

मग काकू काठी घेऊन बांधावर बसू लागल्या. कुत्री फिरकली की हाकलायच्या. घरी पाऊल टाकताच मामंजी विचारायचे, "आज पंख उघडला?"

"अर्धाच."

शुक्रवारी ती वीतभर उडून पाण्यात आपटली. मामंजी त्या दिवशी दोन घास जास्त जेवले.

रविवारी सकाळी लव्हाळ्यात काहीच नव्हतं. काकूंनी तळ्याला दोन चकरा मारल्या. चिखलात उतरून पाहिलं. पीस नाही, रक्त नाही.

"उडाली ना?" मामंजींनी दारातच विचारलं.

हो म्हणणं किती सोपं होतं. काकूंच्या जिभेवर आलंही होतं. "पाहिलं नाही, मामंजी. नाहीये, एवढंच कळलं."

म्हातारा चाचपडत खाटेवर बसला. मग म्हणाला, "माझी समजूत काढली नाहीस, बरं केलंस."

सोमवारी काकूंनीच झडपेचं चाक फिरवलं. तळं रिकामं व्हायला तीन दिवस लागले. रोज कामावरून सुटल्यावर त्या बांधावर जाऊन उभ्या राहायच्या, उघड्या पडत जाणाऱ्या गाळात कुठं नारिंगी पीस दिसतंय का ते बघत.