दाराजवळचे सहा फूट

मी श्रीपत. तीस वर्षं महाडच्या एमआयडीसीत माल चढवला, उतरवला, खांद्याला घट्टे पडले. पण दिवाळीच्या आधीच्या त्या शनिवारी मी जसा नाचलो ना, तसा पोराच्या वरातीत पण नाचलो नाय. हसू नका. साठी उलटलेला हमाल भर गाळ्यात नाचतो म्हणजे कारण पण तसंच असणार. त्या कारणाचं नाव उज्वला हाटे.

उज्वला दासगावची. नवरा नागसेन शाळेत मास्तर. ही एका मोठ्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बुकिंगला बसायची आणि मी तिथंच हमाल. बारा वर्षं बसली. काम काय, तर नाय म्हणायचं! लोणचंवाला आला, नाय. बांबूच्या टोपल्यावाला आला, नाय. "फुल लोड असेल तर बोला," एवढंच तिला शिकवलेलं. ज्याच्याकडं अख्खी गाडी भरेल एवढा माल, त्यालाच गाडी. बाकीच्यांनी काय डोक्यावरून न्यायचा?

आणि गंमत बघा. कारखान्यांना कच्चा माल घेऊन मोठमोठे कंटेनर ट्रेलर रोज यायचे आणि माल उतरला की मुंबईकडं रिकामेच परत जायचे. माझ्या डोळ्यांदेखत, धडाधडा वाजत! उज्वला खिडकीतून बघायची आणि म्हणायची, "श्रीपतकाका, ही हवा चाललीय भिवंडीला. हवेला जागा आहे, माणसांच्या मालाला नाही."

एक दिवस पोलादपूरच्या डोंगरातली एक बाई आली, तीन खोके नाचणीचे पापड घेऊन. हिनं नेहमीसारखं नाय म्हणलं. बाई खोके घेऊन निघाली. त्या दिवशी उज्वला जेवली नाय. डबा तसाच मला दिला. महिनाभरात नोकरी सोडली आणि एमआयडीसीच्या रस्त्याला अर्धा गाळा घेऊन बसली. मी म्हणलं, खुळी हाय ही! आणि आठ दिवसांनी मी पण तिथंच जाऊन बसलो. मुकादमाशी भांडण झालं होतं म्हणा, नायतर मला पण नाय ऐकून वीट आला होता म्हणा.

दोन वर्षं तिनं बारीकसारीक माल पिकअपनं पोचवला. तिची एक पद्धत, आम्ही आधी तिला हसलो होतो. गाळ्याच्या फरशीवर ती खडूनं गाडी काढायची! लांबीरुंदीला अगदी गाडीएवढीच, उंचीला कोपऱ्यात एक बांबू उभा. आत चौकोन आखायचे, ज्याचा त्याचा. तुमच्या मालाला चार फूट लागतात ना? मग चार फुटाचंच भाडं द्या. फरशीवर मावलं ते गाडीत मावणारच. आणि सगळ्यात शेवटी उतरायचा माल आधी चढवायचा, पहिला उतरायचा तो दाराजवळ. यात चूक झाली की रस्त्यात अख्खी गाडी उपसावी लागते. ती चूक मी एकदाच केली. तिनं मला आठ दिवस ऐकवलं.

तर त्या शनिवारचं. एका ट्रेलरच्या मालकाला तिनं सहा महिने फोन करून करून पटवलं होतं. तो म्हणाला, "बाई, एकच शनिवार देतो. चारच्या आत गाडी दारापर्यंत भरलेली पाहिजे. भरली, तर माझी दर शनिवारची परतीची गाडी तुमची. नाही भरली, तर चिपळूणला दुसरा माल तयार आहे, गाडी तिकडं जाईल, आणि पुन्हा मला फोन करायचा नाही."

गाडीची लांबी बत्तीस फूट! तिनं नऊ जणांचा माल मिळून बत्तीस फूट जमवले. लोणची, बांबूचे सोफे, अगरबत्ती, उमरठच्या वरच्या वाडीतल्या बचत गटाचे पापड. सगळा माल भिवंडीचा. फक्त दाराजवळचे शेवटचे सहा फूट दीपक नावाच्या सुताराचे, त्याचे चौरंग कळंबोलीला उतरायचे होते.

सकाळी साहिल ड्रायव्हरनं गाडी लावली आणि मी बघतच राहिलो. केवढं ते धूड! उज्वला हातात खडू घेऊन गाळ्यात पोरीसारखी धावत होती. मला म्हणाली, "काका, आज चहा नाही. चार वाजता पेढे."

बारा वाजता उमरठच्या वाडीची पिकअप आली. पाठोपाठ दुसरी आली. तिच्यामागं तिसरी! पहिलीत पापडाचे खोके, ते ठीक. दुसरीत आणि तिसरीत गाठोडी. जुन्या लुगड्यांत बांधलेली, लाल, हिरवी, जांभळी, ढीगभर गाठोडी, आणि त्यांच्यावर बसलेल्या बायका.

पुढच्या सीटवरनं गटाची म्होरकी चंद्राबाई उतरली. त्या मोठ्या ऑफिसात पापड घेऊन आली होती तीच ही. आता उज्वलाची नेहमीची गिऱ्हाईक, पण जुन्या दिवसाचं दोघींनी कधी नाव काढलं नव्हतं. उज्वलाला वाटायचं, बाई मला ओळखतच नाय.

"हे काय आणलंत?" उज्वला ओरडलीच.

"नव्या भाताचं पोहं," चंद्राबाई म्हणाली. "आन् थोडा तांदूळ. पोरं मुंबयला हायत ना. तूच म्हणलीस, गाडी मुंबयला जातेय."

घ्या! आता ह्यात त्या बाईची चूक काय सांगा. आमच्याकडं डोंगरात रीतच हाय. कुणाची गाडी मुंबईला निघाली की घरटी एक गाठोडं यायचंच. विचारायचं पण नसतं. न घेता गेलेल्या गाडीवाल्याशी वाडी वर्षभर बोलत नाय. आणि दिवाळीच्या पहिल्या आंघोळीनंतर घरचे पोहे नसतील तर ती कसली दिवाळी? एसटीत तर त्या दिवसांत उभं राहायला जागा नाय, गाठोडं कोण घेतो? चंद्राबाईनं वाडीत सांगितलं, आपली गाडी हाय. आली सगळी वाडी!

पण मला राग आला, खोटं कशाला बोलू. मी गरजलो, "हा धंदा हाय का लग्नाचं वऱ्हाड? त्रेसष्ट गाठोडी! कुठं ठेवू, माझ्या डोक्यावर?"

उज्वलानं हात जोडले. "काकू, हा व्यापाराचा माल आहे. एक इंच जागा नाही. परत न्या. माझ्यावर पाया पडायची वेळ आणू नका."

चंद्राबाई म्हणाली, "बरं बाय." एवढंच. पिकअपवाले तर दुसऱ्या भाड्याला निघून गेले होते. बायका गाळ्याच्या सावलीला भाकरी सोडून बसल्या. उज्वला आत जाऊन टेबलापाशी उभी राहिली, पाठ करून. पुन्हा त्याच बाईला तेच नाय म्हणावं लागलं होतं तिला. मी आपला माल चढवायला लागलो.

अडीच वाजता दीपक सुताराचा फोन. कळंबोलीच्या गिऱ्हाइकानं चौरंग नको म्हणून सांगितलं.

उज्वला मटकन स्टुलावर बसली. सहा फूट! गाडी सव्वीस फूट गच्च आणि दाराजवळ हे एवढं भगदाड. साहिल म्हणाला, "मॅडम, शेठचं सोडा, मी स्वतःच नेणार नाय. मागं एवढं मोकळं ठेवलं तर घाटात सगळा माल दारावर येईल. तुमचे सोफे मोडतील, वर माझी नोकरी जाईल."

तिनं फोनवर फोन लावले. वीटभट्टी, बेकरी, खुर्च्यांचं दुकान. कुणी उचलेना, कुणी म्हणे सोमवारी बघू. तीन वाजले. तिचा आवाज बसला. "काका, गेलं," ती म्हणाली. "दोन वर्षं गेली."

मी पाणी प्यायला वळलो आणि फरशीकडं बघितलं. दाराजवळचा दीपकचा चौकोन. तो रिकामा नव्हताच!

बायकांनी ऊन सरकलं म्हणून गाठोडी आत आणली होती. तेव्हा बाकीचे चौकोन मालानं भरलेले, हाच एक मोकळा दिसला, तिथं ठेवली. आणि ठेवली कशी? डोंगरातल्या बायका त्या, पेंढ्याची उडवी रचणाऱ्या. जड खाली, हलकं वर, कोपऱ्यातला बांबू झाकेपर्यंत, खडूच्या रेषेवर रेष! सहा फूट लांब, आठ फूट रुंद. माझ्यासारख्याला पण तसं रचता आलं नसतं.

"उज्वलाऽऽ!" मी असा ओरडलो की साहिल केबिनमधनं पडायचा राहिला.

ती आली. बघितलं. तोंडावर हात गेला. मग एकदम चंद्राबाईपुढं उकिडवी बसून म्हणाली, "काकू, ही गाठोडी जातील. सगळी जातील! भाडं सहा फुटांचंच, त्रेसष्ट घरांत वाटून घ्या. पण एकाच जागी उतरली पाहिजेत, कळंबोलीला. तिथून कोण नेणार?"

"वाडीचं मुंबय मंडळ हाय की गो," चंद्राबाई म्हणाली. "माझा पांडू कामोठ्याला ऱ्हातो, त्योच अध्यक्ष. लाव फोन."

पांडूनं फोनवरच गर्जना केली, "चाळीस जण घेऊन येतो!"

साहिल कुरकुरला, "अहो, पण त्रेसष्ट गाठोड्यांवर नाव नाय, गाव नाय. कुणाचं कुठलं कसं कळणार?"

सगळ्या बायका हसायलाच लागल्या. एक म्हणाली, "अरं बाबा, आईचं लुगडं पोराला वळखू येत नाय व्हय?"

मग काय विचारता! साडेतीन झाले होते. बायकांनी पदर खोचले आणि दारापर्यंत रांग लावली. हातातून हातात गाठोडी, आत मी आणि साहिल. घामानं माझे डोळे चुरचुरत होते आणि तोंडानं मी शिव्याच देत होतो, "हळू गो! पोहं हायत, दगड नाय!" आणि त्या उलट मला, "म्हाताऱ्या, हात चालव!" मालकाला व्हिडिओ कॉल लावून उज्वलानं फोन दाराकडं धरला. त्रेसष्टावं गाठोडं वर गेलं, हिरव्या लुगड्याचं. दार ढकललं. बसलं! कडी पडली तेव्हा चाराला चार मिनिटं कमी होती.

फोनमधून मालक म्हणाला, "अहो बाई, यात बोटपण जात नाही. बरं, पुढच्या शनिवारी किती वाजता लावू?"

तिथं मी नाचलो. मगाशी सांगितलं ना, तेच ते.

गाडी हायवेला लागली, बायका पेढे खात बसल्या. उज्वलानं चंद्राबाईच्या हातात बिल्टी, म्हणजे मालाची पावती दिली. गाठोडी, त्रेसष्ट नग. पाठवणार, चंद्राबाई. मग तिथंच उभी राहिली. म्हणाली, "काकू, एक सांगायचंय. दोन वर्षांपूर्वी तुम्ही त्या मोठ्या ऑफिसात आला होता. तीन खोके घेऊन. तुम्हाला नाही म्हणाली, ती मीच."

"ठावं हाय मला," चंद्राबाई म्हणाली. "पयल्या दिवशीच वळखलं."

"मग तरी माझ्याकडे आलात?"

"अगो, नाय असं तर समदीच म्हणत व्हती. पर तू नाय म्हणल्यावर उठलीस, भायेर आलीस, आन् खोकं माझ्या डोईवर चढवू लागलीस. बाकी कोण उठलं नव्हतं."

उज्वला रडली. मी रडलो नाय. पेढ्यांचा रिकामा पुडा टाकायला बाहेर गेलो.

सोमवारी सकाळी मी गाळा उघडला तर बाईसाहेब आधीच फरशीवर गुडघे टेकून बसलेल्या, हातात ब्रश. आमचे सगळे चौकोन खडूचे, दर शनिवारी पुसायचे आणि नव्यानं आखायचे. हा एक तिनं पिवळ्या ऑइलपेंटनं रंगवला, दाराजवळचा, सहा फुटांचा. आत मोठ्या अक्षरात लिहिलं, गाठोडी. मी म्हणलं, पोरी, उद्या मोठं गिऱ्हाईक आलं आणि हीच जागा मागितली तर काय सांगशील?

"त्याला नाही म्हणेन," ती म्हणाली.