आबांच्या नावावरचे तीनशे दहा तास

पुण्यात दिपमालाला लोकांनी सगळं विचारलं. स्वतःचा ड्रोन आहे का, दुचाकी चालवता येते का, लग्न ठरलंय का, घरचे बाहेरगावी पाठवतील का. ड्रोन उडवता येतो का, एवढंच तीन आठवडे कोणी विचारलं नाही.

धरणगावजवळच्या एका खेड्यातली ही चोवीस वर्षांची मुलगी रीतसर परीक्षा देऊन पायलट झाली होती. प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती वारज्याला मोहिनीच्या, कॉलेजातल्या मैत्रिणीच्या, खोलीवर उतरली आणि रोज एका ऑफिसच्या पायऱ्या झिजवू लागली. पहिल्या कंपनीने सांगितलं, ड्रोन तुमचा, बॅटऱ्या तुमच्या, पडला तर खर्च तुमचा, आम्ही फक्त काम आणू. दुसऱ्यांनी 'ट्रायल' म्हणून एका अख्ख्या लग्नाचं चित्रण फुकटात करून घेतलं आणि मग फोन उचलणं बंद केलं. तिसऱ्यांनी तिच्या हातात रिमोट देऊन तिला माळावर उभं केलं, वीसेक फोटो काढले आणि म्हणाले, पायलट आहेत आमच्याकडे, बॅनरसाठी मुलगी हवी होती. त्या दिवशी तिच्या डोक्यात अशी तिडीक गेली की बसथांब्यावर उभं राहून तिनं पुण्यात कुणाला कळणार नाहीत अशा सगळ्या अहिराणी शिव्या मोहिनीला फोनवर ऐकवल्या.

चौथी कंपनी मात्र बरी निघाली. बाणेरला ऑफिस, रस्त्यांची आणि जमिनींची वरून मोजणी करायचं काम, महिन्याला ठरलेला पगार. तिथल्या भूपेंद्र सरांनी तिला मैदानावर नेलं आणि खरोखरच ड्रोन उडवायला लावला. वारा होता. तिनं तो पांढऱ्या खुणेवर अलगद आणून टेकवला.

"कुठं शिकलात?" सरांनी विचारलं.

"कपाशीवर. तीन हंगाम फवारणी करतेय."

"मग तास किती झाले? आम्हाला दीडशे तासांची नोंद लागते."

तिला हसूच आलं. दीडशे तर तिनं दुसऱ्याच वर्षी मागं टाकले होते. तिनं ॲप उघडलं, नोंदीचं पान काढलं आणि फोन पुढे केला. तीनशे दहा तास. सरांनी पान नीट वाचलं.

"पितांबर कौतिक पाटील कोण?"

पितांबर कौतिक म्हणजे दिपमालाचे आजोबा, गावाचे आबा. वय शहात्तर. त्यांच्या घरात जे काही येतं ते आबांच्या नावावर येतं. जमीन, ट्रॅक्टर, बोअरचं वीजजोडणीपत्र, गॅस, टीव्हीची छत्री, सगळं. दिपमालाचे वडील अभिमन पन्नाशीला आले तरी त्यांच्या नावावर मतदार ओळखपत्राखेरीज काही नाही, आणि त्यात त्यांना कमीपणाही वाटत नाही. अनुदानातून ड्रोन आला तेव्हा तो बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाने विचारलं, ॲपमध्ये पायलट म्हणून कुणाचं नाव टाकायचं. घरातल्या कुणालाही यात विचार करण्यासारखं काही दिसलं नाही. दिपमालालासुद्धा नाही. तिनं स्वतःच्या बोटांनी आबांचं नाव आणि आबांचा मोबाइल नंबर भरला होता. पायलटच्या परीक्षेला मात्र आधार कार्ड लागलं, म्हणून तेवढं प्रमाणपत्र तिचं. नाहीतर तेही आबांच्याच नावाने निघालं असतं.

हे सगळं सांगताना तिचे कान तापले. ऑफिसात परतल्यावर सरांनी बराच वेळ पेन टेबलावर आपटलं. मग म्हणाले, "शुक्रवारी आजोबांशी व्हिडिओ कॉलवर बोलून घेतो. दोघं मिळून उडवत असाल तर निम्मे तास तुमचे धरता येतील. तसं ते म्हणाले तर माझी हरकत नाही." यापेक्षा स्पष्ट कोणी काय सांगणार?

दिपमाला गुरुवारी सकाळी घरी पोचली ती आबांना पढवायलाच. खाटेशेजारी बसून तिनं दहा वेळा सांगितलं. एवढंच बोलायचं, आम्ही दोघं मिळून उडवतो.

"पन मी तं उडाडत नही," आबा म्हणाले.

"माहीत शे, आबा. पन असंच सांगनं पडी. नोकरीना सवाल शे."

आबांनी मान हलवली. तिला ती होकाराची वाटली.

शुक्रवारी आबा धुतलेली टोपी घालून बसले. अभिमननी फोन धरला. सरांनी नमस्कार केला आणि विचारलं, ड्रोन कोण उडवतं. आबांनी एकदा नातीकडे पाहिलं. मग ते जे बोलू लागले ते थांबेचनात.

"साहेब, माले त्यानं बटन बी समजत नही. मी बांधवर बशी ऱ्हास. बठ्ठं काम पोरनं शे. तीन साल व्हयनात, तीच उडाडस. गावमा कोन्हाबी इचारा. मी कसाले खोटं बोलू? तिनी मेहनत मी मन्हा नाववर कशी लेऊ?"

तीन वर्षांत आबांनी तिचं एवढं कौतुक कधी केलं नव्हतं. आणि एकेका शब्दागणिक नोकरी हातातून निसटत होती. दिपमालाने डोळे मिटून घेतले.

सर शांतपणे म्हणाले, "दिपमाला, म्हणजे तीन वर्षं नोंदच चुकीची आहे. आमची कामं सरकारी, तिथं कागद तपासतात. आता हे ऐकल्यावर मला घेता येणार नाही. दीडशे तास तुमच्या नावावर झाले की या." फोन बंद झाला.

"भेटनी ना नोकरी?" आबांनी विचारलं.

"गई," ती म्हणाली. "तुम्ही खरं बोलनात म्हनीसन गई." आवाज चढला होता आणि तिला तो उतरवायचाही नव्हता. तीन आठवडे पुण्यात उन्हातान्हात फिरले, तिथल्या लोकांनी बनवलं ते बनवलं, आणि शेवटी घरच्यांनीच बुडवलं, असं काय काय ती बोलत गेली. अभिमन मध्ये पडायला गेले, तर तिनं त्यांनाही सोडलं नाही.

मग आबांनी चष्मा लावला आणि आपला मोबाइल तिच्यापुढे ठेवला. "मन्हं नाव काढ त्यामाईन. तुन्हं टाक."

अभिमन बघतच राहिले. त्या घरात आबांच्या नावावरून काही उतरल्याचं त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. आबांच्या मोबाइलवर सहा आकडे आले. आबांनी ते बोट ठेवून एकेक वाचून दाखवले. नवीन पान उघडलं. दिपमाला अभिमन पाटील. उड्डाणाचे तास, शून्य. तीनशे दहाचं शून्य झालेलं पाहून तिला रडू आलं, आणि ते रागाचं होतं की कशाचं, हे तिला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी गावातल्या नवल नानांचा फोन आला, नेहमीप्रमाणे आबांना. सहा एकर कपाशीवर फवारणी हवी होती. आजवर अशा फोनवर आबा 'धाडी देस पोरले' म्हणायचे, नात्यातला माणूस म्हणून पैशाचा विषयही निघायचा नाही, आणि दिपमाला बॅटऱ्या उचलून निघायची.

आबा म्हणाले, "माले काय इचारस? जिन्हं यंत्र शे तिले इचार." आणि फोन तिच्या हातात दिला.

नानांना वाटलं, फोन चुकून गेला. "बेटा, आबाले दे ना."

"नाना, आबा उडाडतस नही," ती म्हणाली. कालचा राग अजून तसाच होता, तो आवाजात उतरला आणि तिनं उतरू दिला. "मी उडाडस. एकरले चारशे रुपया व्हतीन."

दिपमालाने आबांकडे पाहिलं. आबा भिंतीकडे तोंड करून टोपी झटकत होते, आणि त्यांनी काही वळून पाहिलं नाही.

"कव्हय येशी? आजच?" नानांनी विचारलं.